रानातला मुक्काम



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला तो असा : मोटार घेऊन डोंगररानात हिंडणाऱ्याने रात्रीच्या मुक्कामाची जागा कशी शोधावी? विषय किरकोळ वाटेल. ज्या व्यासपीठावरून साहित्याची, इतिहासाची, समाजकारणाची चर्चा व्हायची, तिथे तंबू कुठे ठोकावा याचा खल कशाला, असे कोणी मनात म्हणेलही. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आम्ही जे काही हिंडलो, त्यावरून हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही अशी आमची खात्री झाली आहे. पाठ टेकण्यापुरती दहा हात जमीन हवी म्हटले, की ही जमीन कोणाची, असे विचारावे लागते. आणि १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारने राने राखीव करण्यास आरंभ केला तेव्हापासून या मुलखात तो प्रश्न विचारला जातच आहे.

प्रथम मुलूख पाहू. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. त्याला आपले वडीलधारे चांदा म्हणत. मधून वैनगंगा वाहते. पश्चिमेकडे ताडोबाच्या आसपासच्या चिमूरच्या टेकड्या, नैर्ऋत्येला जिवतीकडचा माणिकगडचा डोंगर. पूर्वेला टिपागड, सुरजागड, भामरागड. सह्याद्रीसारखे कडे इथे नाहीत. सागवान, बांबू, मोह, तेंदू यांनी झाकलेले हे बसके डोंगर आहेत आणि त्यांच्या कुशीत धानाच्या बांध्या आहेत. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग आजही वनाने व्यापलेला आहे. त्यामुळे शहरातून आलेल्या प्रवाशाची पहिली समजूत अशी होते की, एवढ्या अफाट रानात जागेला काय तोटा? गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, छपरावरचा घडीचा तंबू उघडावा आणि खुशाल झोपावे.

अलीकडे अशा प्रवासाची हौस आपल्याकडे बरीच वाढली आहे. ओव्हरलँडिंग हा त्याचा परदेशी शब्दही आता मराठीत रुळू लागला आहे. ही हौस जिथून आली तिथली रीत मात्र त्या देशांतल्या भूमीवर उगवलेली आहे. अमेरिकेत पश्चिमेकडील विस्तीर्ण सरकारी जमिनींवर, ठरावीक छावणी सोडून कुठेही, सामान्यतः चौदा दिवसांपर्यंत तंबू टाकता येतो. स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवरही, घरापासून दूर आणि नासधूस न करता, एखादी रात्र राहण्याचा हक्क लोकांना परंपरेने आहे. आपल्याकडे असा हक्क नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमाप्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि मनाई असताना विस्तव पेटवणे हे गुन्हे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात परवान्याखेरीज प्रवेशच बंद केला. ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचा ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा, त्याचप्रमाणे चपराळा आणि भामरागड ही अभयारण्ये, यांत मनास येईल तिथे तंबू टाकण्याचा विचारही प्रवाशाने करू नये. तिथे खात्याने नेमून दिलेले विश्रामगृह किंवा निवास असेल तेवढेच आपले.

कायद्याची गोष्ट झाली. आता आम्हांला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे वळतो. हल्ली प्रवासी घरी बसून उपग्रहाने टिपलेला नकाशा पाहतो. हिरव्या रानात कुठे पिवळसर ठिपका दिसला, की सपाट मोकळी जागा सापडली म्हणून तिथे खूण करून ठेवतो. असे ठिपके घेऊन आम्ही ते एकेक प्रत्यक्ष जाऊन पाहिले. काय आढळले ते ऐका.

एक ठिपका होता गावापासून थोडक्या अंतरावरच्या साफ केलेल्या मैदानाचा. वैशाखात तिथे तेंदूपानांची पुडकी मोजतात आणि रांगा लावून उन्हात वाळवतात. त्या दोन-तीन आठवड्यांच्या कमाईवर कित्येक कुटुंबांचे वर्षभराचे मीठमिरची, कपडालत्ता आणि मुलांच्या वह्यापुस्तकांचे भागते. दुसरा ठिपका रस्त्यालगतचा, सावलीचा, अगदी चित्रात काढावा असा. तिथे मृतांच्या स्मरणार्थ माडिया लोकांनी उभ्या केलेल्या शिळा होत्या. तिसऱ्या ठिकाणी जुन्या वृक्षांखाली पेनठाणा, म्हणजे गोंडांच्या देवाचे स्थान होते. चौथी जागा मालगुजारी तलावाच्या पाळीवर. तिथे पहाटे मासेमारी करणारे येतात आणि रात्री सांबर-चितळ पाण्यावर उतरतात. पाचवी जागा नाल्यातल्या पांढऱ्याशुभ्र वाळूची. तिच्याविषयी पुढे बोलू. ताडोबात तर आज जी सुंदर गवताची कुरणे दिसतात, त्यांपैकी नवेगाव आणि जामणी इथली कुरणे म्हणजे गेल्या काही वर्षांत उठवलेल्या गावांची शेते आहेत. जिप्सीतून वाघ पाहणाऱ्याला ती निसर्गाची मोकळी भूमी वाटते. तिथून उठून गेलेल्यांना बांधावरचे प्रत्येक झाड आठवत असेल.

या सगळ्यात रिकामी म्हणावी अशी जागा आम्हांला एकही सापडली नाही. सरकार, गाव, देव, पितर किंवा जनावर, कोणी ना कोणी तिथे आपल्या आधी नांदत होतेच. म्हणून आमचे म्हणणे असे की, या मुलखात मुक्कामाची जागा शोधणे म्हणजे डोळ्यांनी शोधणे नव्हे. ती विचारून मिळवावी लागते.

विचारायचे कोणाला? जमीन राखीव वनाची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला आधी गाठावे आणि लेखी परवानगी घ्यावी. त्या बीटचा वनरक्षक कोण याची चौकशी करून त्याला भेटावे. कोणत्या वाटेने वाघाचा राबता आहे हे कचेरीपेक्षा त्याला अधिक ठाऊक असते. गडचिरोलीच्या पूर्वेकडील भागात पोलीस ठाण्यालाही वर्दी द्यावी. १९८० नंतर कित्येक वर्षे त्या बाजूच्या लोकांनी बंदुकीच्या दोन्ही टोकांचा त्रास सोसला आहे. अनोळखी गाडी रात्री रानात उभी दिसली, तर आपली ती मौज असते, पण गावाच्या छातीत धडकी भरते.

आणि गावाला विचारावे. हे केवळ सौजन्य म्हणून सांगत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या सामूहिक वनावर ग्रामसभेला अधिकार दिला आणि त्या वनात कोणी कसे यावे-जावे याचे नियमन करण्याचा अधिकारही त्यातच आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावरचा हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक तत्कालीन केंद्रीय वनमंत्र्यांनी त्या गावी येऊन ग्रामसभेच्या हाती दिले. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा आपण ऐकली असेल. त्यानंतर एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. तेव्हा खात्याचा कागद खिशात आहे म्हणून गाव टाळून पुढे जाणारा प्रवासी शिष्टाचार तर मोडतोच, शिवाय कायद्याने ज्याला यजमान ठरवले त्याचाच अनादर करतो.

विचारण्याचीही एक रीत आहे. आपण जागा आधीच हेरतो आणि मग विचारतो, 'इथे राहू का?' पाहुण्याला नाही म्हणणे जिवावर येते, म्हणून पुष्कळदा 'राहा' असे उत्तर मिळते. त्याऐवजी 'आम्ही कुठे राहावे?' असे विचारून पाहा. एटापल्लीकडच्या एका गावी आम्ही चैत्रात असेच विचारले. समोरच मोहाच्या झाडांखाली झाडून स्वच्छ केलेली जमीन होती आणि आमच्यातल्या एकाची नजर तिच्यावर होती. गावातला म्हातारा म्हणाला, 'तिथं नोका राहू जी. मोह पडून राह्यला. रातच्याला अस्वल येते, पहाटं बाया येतेत.' एवढ्या तीन वाक्यांत त्याने आम्हांला अस्वलापासून वाचवले आणि पहाटे फुले वेचायला येणाऱ्या बायांची अडचणही टाळली. मग त्याने शाळेमागचा मुरमाड उंचवटा दाखवला. हे ज्ञान कोणत्या नकाशात छापलेले असते?

गाव इतकी काळजी का घेते, हेही समजून घ्यावे. आपला मुक्काम एका रात्रीचा असतो. त्यात काही विपरीत घडले तर भोग गावाला भोगावे लागतात. प्रवाशावर वाघाने झडप घातली, की ती वाट बंद होते. आणि त्याच वाटेने गावच्या बाया सरपण, मोहफुले, तेंदूपाने आणायला जात असतात. चंद्रपूर जिल्ह्यात, विशेषतः ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात, वाघ व्याघ्रप्रकल्पाची सीमा पाळत नाही. माणसे मेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि मेलेली माणसे बहुधा याच कामांना गेलेली असतात. तसेच विस्तवाचे. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत पानगळीने रानाची जमीन कोरड्या पाल्याने झाकलेली असते. चहाच्या चुलीची एक ठिणगी डोंगर पेटवते, आणि त्यात तेंदूचा नवा फुटवा जळाला, तर गावाचे वर्षाचे पीकच गेले. म्हणून या दिवसांत रानात चूल पेटवूच नये. भाकरी गावातच भाजून घ्यावी.

आता जागेविषयी चार व्यावहारिक गोष्टी थोडक्यात सांगतो. मुक्काम ठरवण्याचे काम दुपारी चारच्या आत उरकावे. अंधारात विचारणारा पाहुणा आणि अंधारात हेरलेली जागा, दोन्हींचा भरवसा धरता येत नाही. पाण्यापासून दोन-तीनशे पावले दूर राहावे, म्हणजे जनावरांची वाट मोकळी राहते. नाल्याच्या वाळूत कधीही झोपू नये. आभाळ इथे निरभ्र असते आणि पाऊस वर छत्तीसगडच्या डोंगरात पडतो. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. तिथे पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर पुलावरून वाहतो आणि तालुक्याचे गाव जगापासून तुटते. बांबूच्या बेटाजवळही राहू नये. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानहत्ती जिल्ह्याच्या उत्तर भागात वावरत आहेत आणि बांबू व धान ही दोन्ही त्यांच्या आवडीची. जमिनीवर अंथरूण टाकण्याऐवजी खाट किंवा गाडीचे छप्पर बरे, कारण मण्यार रात्री फिरते. मच्छरदाणी विसरू नये. हिवतापाच्या बाबतीत गडचिरोलीचे नाव महाराष्ट्रात वर्षानुवर्षे पुढे राहिले आहे. ऋतू म्हणाल तर मार्गशीर्ष ते माघ हाच. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो, आणि पावसाळ्यात या रानाने आपल्याला बोलावलेले नसते.

यावर एक आक्षेप येईल. 'अहो, हे सगळे विचारत बसायचे तर प्रवासातली मोकळीक कुठे राहिली? माणूस रानात जातो तो परवाने, कचेऱ्या आणि माणसे यांतून सुटण्यासाठीच ना?' आक्षेप खोटा नाही. एकांताची तहान आम्हांलाही लागते. पण या रानाला तंबूवाल्या माणसाची ओळख फार जुनी आहे, हे विसरून चालणार नाही. इंग्रजी अमदानीत साहेबाचा दौरा निघे तेव्हा त्याची राहुटी रानातल्या माणसाच्या डोक्यावरून जाई; बेगार, कोंबडी, दूध, सरपण, सारे गावाने पुरवायचे आणि मोल मिळेल याची शाश्वती नाही. साहेब कुठे उतरणार हे साहेब ठरवी. आज आपण स्वतःचा तंबू स्वतः वाहून नेतो ही प्रगती खरी. पण जागा मात्र आपणच ठरवणार असू, तर त्या जुन्या दौऱ्यातली निम्मी रीत आपण तशीच चालू ठेवली असे होईल.

शेवटी एक सूचना मांडतो. ज्या ग्रामसभांना आपल्या वनावर हक्क मिळाला आहे, त्यांनी आपापल्या शिवारात मुक्कामाच्या दोन-दोन जागा स्वतः नेमाव्यात. त्या उंचवट्यावर, मोहापासून, पाणवठ्यापासून आणि देवस्थानापासून दूर असाव्यात. त्यांचे भाडे ठरवावे, पावती द्यावी आणि पैसा ग्रामकोषात जमा करावा. ज्या गावांनी बांबू आणि तेंदूपानांचे लिलाव स्वतः करून दाखवले, त्यांना हे मुळीच अवघड नाही. आणि ज्या गावाला पाहुणा नकोच असेल, त्या गावाने तसे स्पष्ट सांगावे. प्रवाशाने रामराम करून गाडी पुढे काढावी. आपल्यापैकी जे तरुण येत्या हिवाळ्यात तिकडे जाण्याचा बेत करीत असतील, त्यांनी नकाशावर खुणा करण्यापूर्वी मार्गावरच्या गावांची नावे लिहून काढावीत आणि तिथे कोणाला भेटायचे याची चौकशी इथूनच सुरू करावी.