कुत्र्याच्या तोंडावरच्या गाठी

कुत्र्याच्या तोंडावर आलेली गाठ साधी की घातक, याचा अंदाज तिच्या आकारापेक्षा कुत्र्याच्या वयावरून आणि गाठ किती वेगाने वाढली यावरून जास्त येतो.

तासाभरात सगळे मुस्कट सुजले, अंगावर गांधी उठल्या, तर बहुधा मधमाशी किंवा गांधीलमाशी चावलेली असते. लसीनंतरही कधी असे होते. धाप लागली, उलट्या झाल्या किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर सकाळपर्यंत थांबू नये. शेताबांधावर हिंडणाऱ्या कुत्र्याला घोणस किंवा फुरसे चावल्याची शक्यताही असते. कुत्रे आधी नाक पुढे करते, त्यामुळे दंश पुष्कळदा तोंडावरच होतो.

तरुण कुत्र्याच्या ओठांवर येणारे खडबडीत मस विषाणूमुळे होतात. ते माणसाला लागत नाहीत आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप झडतात. कानावरची लाल, गुळगुळीत, बिनकेसाची गाठही या वयात बहुतेकदा जिरते. हनुवटीवरच्या पुटकुळ्या पिळू नयेत. गाठ समजून दाखवायला आणलेली वस्तू रक्त पिऊन फुगलेली गोचीड निघते, असेही घडते.

डोळ्याखाली एकाच बाजूला सूज येते, फुटते, भरते आणि पुन्हा फुटते, तेव्हा दोष बहुधा वरच्या दाढेच्या मुळाशी असतो. वरून कितीही मलम चोळले तरी दाढेवर उपचार होईपर्यंत ती सूज परत येते.

खरी काळजी उतारवयातल्या गाठीची. बॉक्सर, पग, लॅब्राडॉर या जातींत मास्ट पेशींचा कर्करोग अधिक आढळतो. ही गाठ कधी फुगते, कधी ओसरते, आणि ओसरली की घरचे निर्धास्त होतात. फसगत होते ती इथेच. हाताने चाचपून तिची जात कळत नाही. बारीक सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. त्यासाठी सहसा भूलही द्यावी लागत नाही.

मोकाट कुत्र्यांत आणखी एक कर्करोग दिसतो. समागमातून, हुंगण्याचाटण्यातून जिवंत कर्कपेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजतात. तो नाकात झाला की रक्त गळते, नाकाड वाकडे होते. रूप भयंकर असले तरी विन्क्रिस्टीन या औषधाची इंजेक्शने दर आठवड्याला काही आठवडे दिल्यावर बहुतेक कुत्री बरी होतात.