पडद्यावरच्या सोंगट्या आणि आजोबांचा नियम



आज मी तुमच्याशी कॅरमबद्दल बोलणार आहे. पण बोरिक पावडर लावलेल्या, लाकडी कॅरमबद्दल नव्हे. संगणकाच्या पडद्यावरच्या कॅरमबद्दल. तुमच्या घरी आठ ते चौदा वर्षांचं मूल असेल आणि भारतातून आजी-आजोबा आलेले असतील, तर दहा मिनिटं जरा ऐका.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. माझे सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी इथे इंग्लंडात आमच्याकडे आले होते. पहिले पंधरा दिवस मजेत गेले. मग थंडी वाढली, चार वाजताच अंधार पडायला लागला. आम्ही दोघं कामावर. अकरा वर्षांचा आमचा लेक शाळेतून आला की लॅपटॉप घेऊन बसायचा. आजोबा सोफ्याच्या एका टोकाला, नातू दुसऱ्या टोकाला. मध्ये हातभराचं अंतर, पण बोलणं नाही. एका रात्री बाबा मला हळूच म्हणाले, "तिकीट अलीकडचं मिळतं का बघशील? इथे माझा काय उपयोग?" मला काय बोलावं ते कळेना.

त्याच सुमारास लेकानं 'स्क्रॅच'मध्ये कॅरम करायला घेतला होता. स्क्रॅच म्हणजे मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत तयार झालेली, २००७ साली सगळ्यांसाठी खुली झालेली भाषा. त्यात रंगीत ठोकळे जोडून खेळ तयार करता येतात. कल्पना आजोबांवरूनच सुचलेली, पण त्यांना विचारायचं काही त्याच्या मनात आलं नव्हतं. एका शनिवारी तो चिडून लॅपटॉप आपटायच्या बेतात होता. स्ट्रायकर जोरात मारला की सोंगटीच्या आरपार निघून जायचा! सोंगटी जागची हलत नव्हती.

मंडळी, इथे एक गोष्ट समजून घेऊ. टेबलावर दोन वस्तू एकमेकींना आपोआप अडवतात, कारण त्यांना अंग असतं. पडद्यावरच्या वस्तूला अंग नसतं. ती नुसतं चित्र असते. दोन चित्रं जवळ आली, एकावर एक चढली, तरी संगणकाला त्याचं काही नाही. प्रत्येक क्षणी कुणीतरी विचारावं लागतं, "यांच्यात अंतर किती?" आणि उत्तर आलं की पुढे काय करायचं तेही सांगावं लागतं. हे आजचं नाही. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' केलं, त्यात प्रकाशाचा पेन रेषेच्या जवळ नेला की टोक आपोआप त्या रेषेवर जाऊन बसायचं. आज तुम्ही हळदीकुंकवाचं आमंत्रण संगणकावर करता आणि फोटो सरकवताना तो मजकुराच्या ओळीत टपकन बसतो, तो त्याच कल्पनेचा वारसा. १९७२ च्या 'पाँग' या खेळात चेंडू फळीच्या कोणत्या भागाला लागला, यावर तो कोणत्या कोनात परतणार हे ठरत असे. म्हणजे जवळ आल्यावर चिकटायचं, उसळायचं की आरपार जायचं, हे सगळं माणसानं ठरवलेलं असतं.

आता आपला कॅरम. खरा पाट ७४ सेंटिमीटरचा चौरस. सोंगटी साधारण ३.१ सेंटिमीटर रुंद, स्ट्रायकर ४.१. स्क्रॅचचा पडदा ४८० ठिपके रुंद आणि ३६० ठिपके उंच. लेकानं पाट ३४० ठिपक्यांचा केला होता. त्या मापानं सोंगटी १४ ठिपक्यांची होते, स्ट्रायकर १९ ठिपक्यांचा. दोन गोल एकमेकांना लागले हे कसं ओळखायचं? त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजायचं. दोन्हींच्या त्रिज्यांची बेरीज, म्हणजे ७ अधिक साडेनऊ, साडेसोळा. अंतर साडेसोळा किंवा कमी झालं की लागले. सोपं आहे.

मग आरपार का? कारण पडद्यावरची हालचाल सलग नसते. स्क्रॅच सेकंदाला साधारण ३० वेळा चित्र बदलतं. लेकाचा स्ट्रायकर जोरात असताना प्रत्येक वेळी ४० ठिपके पुढे उडी मारायचा. एका क्षणी सोंगटीच्या अलीकडे २० ठिपक्यांवर, पुढच्या क्षणी पलीकडे २० ठिपक्यांवर. दोन्ही वेळा अंतर साडेसोळापेक्षा जास्त. संगणकाच्या दृष्टीनं टक्कर झालीच नाही!

बाबा हे सगळं लांबून बघत होते. ते उठले, शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "अरे, तुझा स्ट्रायकर उड्या मारतोय. घसरला पाहिजे. लहान लहान पावलं टाकायला सांग त्याला." लेकानं त्यांच्याकडे पाहिलं. एका उडीचे पाच तुकडे केले, ८-८ ठिपक्यांचे, आणि प्रत्येक तुकड्यानंतर अंतर विचारलं. टक्कर झाली.

पण आता नवीनच भानगड. सोंगट्या एकमेकींना चिकटून थरथरायला लागल्या. का, तर थोड्या एकमेकींत घुसल्या की टक्कर मानली जायची, दिशा उलटायची. पुढच्या क्षणी अजून घुसलेल्याच असायच्या, की पुन्हा उलटी. यावर उपाय दोन. घुसल्या असतील तेवढं आधी त्यांना वेगळं करायचं. आणि त्या एकमेकींकडे येत असतील तरच टक्कर मानायची. दूर जात असतील तर सोडून द्यायचं.

उरला दिशेचा प्रश्न. लेकाच्या खेळात सोंगटी कुठेही जायची. बाबांनी जेवणाच्या टेबलावर दोन नाणी मांडली आणि बोटानं रेघ ओढली. "स्ट्रायकर कुठूनही येऊ दे. लागला त्या क्षणी दोघांचे मध्य जोडणारी जी रेघ, त्याच रेघेत सोंगटी जाणार. कट मारताना आम्ही हेच बघतो." त्यांना भौतिकशास्त्र शिकून चाळीस वर्षं झाली होती, पण हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. मग ते म्हणाले, "आणि स्ट्रायकर जड असतो, हं. तो थांबत नाही, मागोमाग जातो."

तेही बरोबर. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ते साडेपाच. जवळजवळ तिप्पट वजन. समोरासमोर टक्कर झाली आणि काहीच ऊर्जा वाया गेली नाही असं धरलं, तर स्ट्रायकरकडे निम्मा वेग उरतो आणि सोंगटी त्याच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगानं सुटते. प्रत्यक्षात थोडं कमी. सोंगटीवर सोंगटी नेमकी समोरून आपटली, तर मात्र वजन सारखं, म्हणून येणारी जवळपास थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन जाते.

स्क्रॅचमध्ये आपला स्वतःचा ठोकळा करून त्याला नाव देता येतं. लेकानं त्या ठोकळ्याला नाव दिलं, 'आजोबांचा नियम'. मराठीत, स्वतः टाइप करून. 'बां'वरचा अनुस्वार राहिला होता, तो बाबांनी लावून घेतला.

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. बाबा ठरल्या तारखेलाच, एप्रिलमध्ये परत गेले. खेळ अजून पूर्ण नाही. अगदी काठाला चाटून जाणारी टक्कर कधी कधी निसटते. त्यावर दर रविवारी फोनवर खल चालतो, आणि तो मराठीत चालतो, कारण 'राणी', 'सोंगटी' आणि 'कव्हर घेणं' हे त्या दोघांना इंग्रजीत बोलताच येत नाही.

तेव्हा मंडळी, एक विनंती. मूल पडद्याकडे बघत बसलंय म्हणून नुसतं रागावू नका. ते काय करतंय ते विचारा, आणि ते काम ज्यांच्या हाताला ठाऊक आहे असं कुणी घरात आहे का बघा. कॅरम असेल, गोट्या असतील, रांगोळीचे ठिपके असतील. एका सोफ्यावर बसवलं म्हणजे माणसं जवळ आली असं होत नाही. मधलं अंतर किती, हे कुणीतरी विचारावं लागतं.

आजच्यापुरतं इतकंच. पुन्हा भेटू. नमस्कार.