मंजुळेला हसताना



पु. ल. देशपांड्यांचं 'ती फुलराणी' १९७५ साली रंगभूमीवर आलं. एका मुलीची भाषा बदलून दाखवायची पैज मारणारा भाषापंडित प्रोफेसर अशोक जहागीरदार आणि त्याच्या तावडीत सापडलेली, फुलं विकणारी मंजुळा साळुंके. नाटक मूळ बर्नार्ड शॉचं, 'पिग्मॅलियन'. ते १९१३ साली व्हिएन्नात आणि पुढच्या वर्षी लंडनला झालं. पण पुलंनी ते असं काही मुंबईच्या मातीत लावलं, की मूळ झाड कुठलं हे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही.

मी शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्याचा. आमच्याकडे कुणाच्या घरात गुजरी, कुणाच्या घरात अहिराणी, आठवड्याच्या बाजारात सातपुड्याकडच्या माणसांशी भिली नाहीतर पावरी, आणि शाळेत पाऊल टाकलं की पुस्तकातली मराठी. आमच्या भागात 'पाणी'चं 'पानी' होतं आणि 'डोळा'चा 'डोया'. अशा गावचा माणूस 'फुलराणी' बघायला बसला की पहिल्या अंकात त्याची मोठी पंचाईत होते. प्रोफेसर मंजुळेच्या बोलण्याची टर उडवतो, सगळं थिएटर खदखदतं, तोही हसतो, आणि हसता हसता आपली जीभ आवरून बसतो. शेजारच्या खुर्चीवरच्या पाहुण्यांनी काही विचारलं, तर उत्तरात 'न' येईल की 'ण', याचा भरवसा नसतो ना!

आजच्या डोळ्यांनी बघितलं तर नाटकात खटकण्यासारखं बरंच आहे. एका मुलीवर पैज लावायची, तिच्यादेखत तिच्याविषयी वस्तूसारखं बोलायचं, तिची भाषा म्हणजे जणू अंगावरचा मळ, आणि ही सगळी गंमत. शॉच्या लंडनमध्ये माणसानं तोंड उघडलं की त्याचा वर्ग कळायचा. आपल्याकडे वर्ग तर कळतोच, वर तालुका कळतो, आणि जातही कळली असं समजून लोक मोकळे होतात. म्हणून मराठीत हा विनोद मुळापेक्षा जास्त झोंबतो.

तरीही मला हे नाटक मनापासून आवडतं. पुलंचे चाहते यावर लगेच म्हणतील, अहो, टिंगल मंजुळेची नाहीच, प्रोफेसरची आहे. सगळी व्यंजनं पाठ, पण माणसाशी बोलायचं कसं हे ठाऊक नाही, असा हा गडी. खरं आहे. मंजुळेचं ते गाजलेलं स्वगत आठवा. तिथे ती अशी उसळते, की मघाशी तिला हसलेली माणसंच टाळ्यांचा कडकडाट करतात. आधी हसलो नसतो, तर त्या टाळ्यांना एवढा जोर आला नसता. त्यामुळे खटकणारे संवाद गाळून नाटक गुळगुळीत करा, या मताचा मी मुळीच नाही.

पण ही वकिली मला अर्धीच पटते. प्रोफेसरला फटके बसतात ते त्याच्या उर्मटपणाबद्दल. त्याच्या हातातल्या फूटपट्टीला कुणी हात लावत नाही. शुद्ध कुठलं आणि अशुद्ध कुठलं, हे त्यानं ठरवलंय तसंच राहतं. मंजुळेला मान मिळतो तो भाषा बदलल्यावर. आता गंमत बघा, नाटकाचं नाव आलंय बालकवींच्या कवितेवरून, आणि बालकवी आमच्या खानदेशातल्या धरणगावचे. त्याच खानदेशात, आसोद्याला, बहिणाबाई जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, बोली अस्सल घरची. त्यांची गाणी १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली आणि पुण्या-मुंबईनं ती डोक्यावर घेतली. म्हणजे 'फुलराणी' येण्याआधी वीसेक वर्षं बोलीचा मोठेपणा सगळ्यांना मान्य झाला होता. तो कवितेत मान्य होता. नाट्यगृहात मात्र बोली आली, की प्रेक्षक हसायच्या तयारीनंच बसायचे. आजही बसतात.

यात भक्ती बर्वेंचा वाटा मला फार मजेदार वाटतो. पहिली मंजुळा त्यांची. त्याच बाई मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या. ज्या तोंडून प्रमाण मराठी घरोघर पोचत होती, त्याच तोंडून मंजुळेची गावरान फटकेबाजी. अभिनय तर लाजवाबच. पण मला वाटतं, प्रेक्षक इतके निर्धास्त हसले त्याचं हेही एक कारण असावं: बाई 'खऱ्या' तशा नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. खरोखरीच तसं बोलणारी मुलगी उभी राहिली असती, तर हसू एवढं मोकळं राहिलं असतं का?

आमच्याकडे गॅदरिंगच्या तालमीत एकदा या नाटकाचा प्रवेश बसत होता. मंजुळा झालेल्या मुलीला काही अडचण नव्हती. मुंबईचा हेल तिनं दोन दिवसांत उचलला. अडला तो प्रोफेसर! चांगला उंचापुरा, आवाज खणखणीत, पण 'ळ' काही केल्या जिभेवर टिकेना. मंजुळेला 'अशी बोलू नकोस' म्हणून झापायचा संवाद, आणि त्यातच 'मंजुळा'ची 'मंजुया' व्हायची. बसवणारे सर कपाळाला हात लावून, 'पुन्हा घे, पुन्हा घे' करत होते. शेवटी ती मुलगीच पुढे झाली. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात त्याला समोर उभा करून तिनं शिकवणी सुरू केली: जीभ मागं वळव, टाळूला लाव, हं, आता म्हण.