डोळ्यात चुना गेला तर...



मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे, तोही कला शाखेचा पदवीधर. तरी या विषयावर बोलायला उभा राहिलो, याला आमच्या घरचा एक प्रसंग कारण आहे.

माझा पाच वर्षांचा पुतण्या चुन्याची पुडी दाबत खेळत होता. पुडी फुटली आणि चुना उजव्या डोळ्यात उडाला. कोणी म्हणाले तूप घाला, कोणी म्हणाले दूध. मी रिक्षा शोधायला धावलो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तास गेला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "डोळा पाण्याने धुतला का?" नळ आमच्या मोरीतच होता! आज त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढेच कळते.

चुना हा बहुतेक अ‍ॅसिडपेक्षाही घातक. अ‍ॅसिड बहुधा वरच्या थरात अडते. चुना आत मुरत जातो आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा पांढरा पडतो. म्हणून आधी पाणी, मग डॉक्टर. पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि स्वच्छ पाण्याची धार किमान अर्धा तास सोडा. पापणीआड अडकलेले चुन्याचे कण ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद काढा. तूप, दूध, मध, लिंबू काहीही घालू नका. नंतर लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा.

मात्र डोळ्यात तार, काटा किंवा काच घुसली असेल, तर याच्या उलट वागायचे. धुवायचे नाही, चोळायचे नाही, रुतलेली वस्तू उपसायची नाही, थेंबही घालायचे नाहीत. डोळ्यावर दाब न येईल असा कागदी पेला उपडा ठेवून चिकटपट्टी लावा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या. छिन्नी-हातोडा चालवताना ठिणगीसारखे काही लागले, बाहुलीचा आकार बिघडला किंवा नजर अंधूक झाली, तर दुखत नसले तरी थांबू नका. शेतात पात्याने डोळा खरचटला, तर दुकानातून मनाने थेंब आणू नका. त्यातील स्टिरॉइडने जखम चिघळू शकते.

बंधूंनो, खिशातली चुन्याची पुडी आज घरी गेल्यावर मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. माझे भाषण विसरलात तरी चालेल, मोरीतला नळ तेवढा विसरू नका.