रिकाम्या टाकीतला घात

पानिपतच्या काला अंब येथे मराठी माणूस 1761 च्या हुतात्म्यांना वंदन करतो. आज त्याच शहराच्या महामार्गावर गळकी इंधनटाकी सांधणारा वेल्डरही जीव पणाला लावतो.

‘टाकी रिकामी आहे,’ असे मालक सांगतो. परंतु घात तेथेच असतो. तळाशी उरलेल्या पेट्रोलची वाफ टाकीतील हवेत सुमारे 1.4 ते 7.6 टक्के झाली, की एका ठिणगीने स्फोट होतो. तापलेले डिझेलही तितकेच घातक. नुसते पाण्याने विसळणे पुरत नाही; वाफ पूर्ण काढून वायुमापकाने तपासणी हवी.

1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 37 ने वाफ काढण्याचे बंधन घातले होते. मात्र 10 पेक्षा कमी कामगारांची गॅरेजे सर्वसाधारणपणे त्याबाहेरच राहिली. नव्या टाकीची किंमत वाचवण्यासाठी कामगाराचा बळी नको, यासाठी संघटित लढा हवा!