इतिहासात माणसाचा वाटा



१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात डेक्कन सभेने न्यायमूर्ती रानडे यांची १०१ वी जयंती साजरी केली. व्याख्याते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. रानड्यांचा मोठेपणा मापायचा तर आधी एका प्रश्नाचा निकाल लावायला हवा, असे त्यांना वाटले. माणूस इतिहास घडवतो, की इतिहासच माणसाला फरफटत नेतो?

त्यांनी तीन उत्तरे तपासली. संत ऑगस्टीन इतिहासात ईश्वरी योजना पाहतो. इतिहासकार बकल सारे श्रेय भूगोलाला आणि निसर्गाला देतो. मार्क्स म्हणतो, आर्थिक शक्ती इतिहास घडवतात. अर्थशास्त्राचे अभ्यासक असलेल्या बाबासाहेबांनी या शक्तींचे बळ नाकारले नाही. पण त्यांचा मुद्दा असा, की गारगोटी जिथे आहे तिथेही ठिणगी आपोआप पडत नाही. गारगोटीवर गारगोटी आपटणारा माणूस लागतो.

आर्थिक शक्ती एकट्या पुरत नाहीत, याचा प्रत्यय त्यांना आधी मुंबईच्या गिरण्यांत आला होता. विणाईखात्यात पगार बरा मिळे, पण अस्पृश्य कामगाराला तिथे मज्जाव होता. मागावरच्या धोट्यात सुताची नवी कांडी भरली, की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. मालक एक, भोंगा एक, संपात उपासही एकत्रच. तरी धोटा वेगळा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि मागण्यांत घ्यायला लावला. मग १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या पुस्तकात त्यांनी समाजवाद्यांना विचारले : क्रांतीनंतर आपल्याला बरोबरीने वागवले जाईल, याची खात्री नसेल तर कष्टकरी एकत्र येतील कशाला?

मार्क्सच्या बाजूनेही एक सांगितले पाहिजे. माणसे आपला इतिहास स्वतः घडवतात, मात्र परिस्थिती त्यांच्या निवडीची नसते, हे त्याने १८५२ मध्येच लिहिले होते. एंगल्सनेही १८९० च्या एका पत्रात बजावले, की आर्थिक घटक हा एकमेव निर्णायक घटक आहे असे आम्ही कधी म्हटलेच नाही. सिद्धान्ताचे यंत्र केले ते घाईतल्या अनुयायांनी. आर्थिक पाया बदलला की समाजाचे वरचे मजले आपसूक बदलतील, असे मानून जातीचा प्रश्न पुढे ढकलणे त्यांना सोपे गेले.

मला बाबासाहेबांचे म्हणणे पटते, कारण त्यात जबाबदारी आहे. इतिहास आपोआप न्यायाकडे जाणार असेल, तर आज अन्याय सोसणाऱ्याला आपण एवढेच सांगू शकतो, की आणखी थोडा थांब. असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. इतिहासाचा अर्थ आधी कुठे लिहून ठेवलेला नसतो. परिस्थिती जे शक्य करते, त्यातले काय प्रत्यक्षात आणायचे हे माणसे ठरवतात, आणि ठरवणाऱ्यांत तुम्ही-आम्ही सारे आलो. पोटाचा प्रश्न आणि प्रतिष्ठेचा प्रश्न यांत आधी कोणता, हा वाद आता पुरे. दोन्ही एकाच वेळी हाती घेतले पाहिजेत.