हृदयविकार : कोलेस्टेरॉल आणि रक्तातील दाह

(देवस्थानच्या वार्षिक उत्सवात सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या सभामंडपात आजवर कीर्तने झाली, संतचरित्रांवर विद्वानांची व्याख्याने झाली. अशा ठिकाणी रक्त, मेद आणि यकृत यांविषयी बोलावयास उभे राहणे थोडे धाडसाचेच आहे. त्यात मी वैद्य नव्हे. माझी हयात सरकारी कचेरीत, आलेला कागद वाचण्यात आणि त्यावर टिपण लिहिण्यात गेली. परंतु अलीकडे हरमलमध्ये घरोघरी एक कागद येऊ लागला आहे. तो जपून ठेवला जातो, मात्र नीट वाचला जात नाही. तो म्हणजे रक्ततपासणीचा अहवाल. कागद वाचणे एवढीच विद्या मला अवगत असल्यामुळे कार्यकारी मंडळाचे निमंत्रण मी स्वीकारले.

आपल्यापैकी अनेकांना परिचित असलेले एक गृहस्थ, ज्यांचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, अंगाने सडपातळ, विडी न ओढणारे, म्हापशास तपासणी करून आले. एकूण कोलेस्टेरॉल १८४. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे तीन महिन्यांच्या आतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला व बांबोळीस न्यावे लागले. तेव्हा गावात दोन मते झाली. काहींनी म्हटले, प्रयोगशाळेचा अहवाल चुकला असावा. इतरांनी म्हटले, कोलेस्टेरॉल ही औषध कंपन्यांनी उठवलेली आवई आहे, खरे कारण वेगळेच असते. माझ्या अल्पमतीप्रमाणे दोन्ही पक्ष चुकले. अहवाल खरा होता आणि कोलेस्टेरॉलही खोटे नव्हते. अहवालात अर्धीच हकीकत होती, एवढेच.

प्रथम कोलेस्टेरॉलची हकीकत सांगतो. हा पदार्थ विष नव्हे. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणास तो लागतो, पित्त आणि काही अंतःस्राव त्यापासूनच बनतात, आणि त्याचा मोठा भाग आपले यकृतच तयार करते. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून नेताना प्रथिनांच्या पुड्यांत बांधून न्यावा लागतो. यातील एलडीएल नावाच्या पुड्या रोहिणीच्या भिंतीत शिरून अडकतात, म्हणून अहवालात त्या रकान्याकडे प्रथम पाहावे, एकूण आकड्याकडे नंतर. १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे अनिच्कोव्ह नामक तरुण शास्त्रज्ञाने सशांना तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिण्यांत माणसासारखेच थर आढळले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी १९४८ पासून हजारो माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले, तेथेही हाच संबंध दिसला. पुढे जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतून यकृताचे हे उत्पादन रोखणारे द्रव्य वेगळे काढले आणि त्यातून स्टॅटिन वर्गातील औषधांचा उगम झाला. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले. इतक्या पुराव्यानंतर कोलेस्टेरॉलला निर्दोष ठरवणे हा हट्ट होय.

तथापि एक शंका उरते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, हृद्रोहिणीविकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे १ लाख ३६ हजार रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचे एलडीएल १०० पेक्षा कमी भरले. यातील काहीजण आधीपासून गोळ्या घेत होते आणि झटक्यानंतर हा आकडा थोडा खालीही येतो, ही बाब टिपणात नोंदवलीच पाहिजे. पण ती वजा करूनही प्रश्न राहतोच की, ज्यांचा आकडा फारसा मोठा नाही, त्यांची रोहिणी का फुटते?

येथे दाह हा शब्द येतो. लिसेवमध्ये लॅटिन घोकताना केल्सुस या रोमन लेखकाने दिलेली दाहाची चार लक्षणे आमच्या कानांवर आली होती. रुबोर, तुमोर, कालोर, दोलोर, म्हणजे लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पोर्तुगीज जाणणाऱ्या जुन्या मंडळींना यातील ‘कालोर’ उन्हाळ्यात रोजच आठवतो! पायात काटा मोडला की ही चारही लक्षणे आपण डोळ्यांनी पाहतो. रोहिणीच्या भिंतीतही असाच दाह असतो, हे बर्लिनचे विर्चो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सांगून ठेवले होते. फरक एवढाच की तेथील दाह दिसत नाही आणि बहुधा दुखतही नाही. शंभर वर्षे एक पक्ष मेदाचा आणि एक पक्ष दाहाचा अशी ओढाताण चालली. आज कळते ते असे की, ही एकाच खटल्यातील दोन कलमे आहेत.

हे घडते कसे, ते आपल्या परिचयाच्या गोष्टीने सांगतो. रोहिणी म्हणजे नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे नळात साचणारा चुना, अशी उपमा सर्वत्र देतात. मला ती पुरेशी वाटत नाही. आपल्या पेडणे महालात खाजन शेतीचे बांध आहेत. बांध बाहेरून भक्कम दिसतो, पण कुर्ल्या आतून बिळे पाडत असतात. भरतीच्या एखाद्या रात्री तो एकाएकी फुटतो आणि खारे पाणी शेतात शिरते. रोहिणीचे तसेच आहे. भिंतीत अडकलेले एलडीएल खराब झाले की शरीर त्यास परके समजते. पांढऱ्या पेशी ते गिळावयास धावतात, गिळून गिळून फुगतात आणि तेथेच मरतात. त्यांच्या अवशेषांचा मऊ गाळ बनतो आणि वर एक पातळ झाकण येते. दाह जितका तीव्र, तितके झाकण कुरतडले जाते. एखाद्या दिवशी ते फाटते, त्यावर रक्त गोठते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. म्हणूनच आदल्या दिवशी डोंगर चढून आलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी कोसळतो. पुष्कळदा त्याची रोहिणी फारशी अरुंद झालेलीच नसते. तिची भिंत आतून पोखरलेली असते.

आता हा न दिसणारा दाह मोजावा कसा? १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन आढळले, त्यास पुढे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, संक्षेपाने सीआरपी, हे नाव पडले. शरीरात कोठेही दाह झाला की यकृत ते रक्तात सोडते. पुष्कळ वर्षे त्याचा उपयोग जंतुसंसर्ग ओळखण्यापुरताच होता. आपल्याकडे जुने डॉक्टर ईएसआर काढवीत, त्याच जातीची ही परीक्षा. १९९७ साली अमेरिकेतील पॉल रिडकर यांनी निरोगी पुरुषांचे साठवून ठेवलेले रक्त तपासले तेव्हा दिसले की, ज्यांचे सीआरपी सर्वांत वरच्या चौथाईत होते, त्यांना पुढील वर्षांत झटका येण्याचा संभव सर्वांत खालच्या चौथाईच्या सुमारे तिप्पट होता. यासाठी सूक्ष्म मोजमाप करणारी चाचणी लागते, साधी नव्हे. एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर अधिक, अशी फोड केली जाते. पण १० च्या वर आकडा आला तर हृदयाचा विचार बाजूस ठेवून ताप, दाढ, गळू काय आहे ते प्रथम पाहावे व काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. पावसाळ्यात तापातून उठल्याबरोबर ही परीक्षा करून घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. ही परीक्षा सर्वांनीच करून घ्यावी असेही नाही. ज्यांच्याविषयी गोळी सुरू करावी की नाही असा डॉक्टरांस संभ्रम पडतो, त्यांना तिचा खरा उपयोग.

आपणांस हा विषय विशेष लागू का, हे पुण्याकडे पाहिल्यास समजते. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. तराजूच्या दृष्टीने दोघेही सडपातळ. परंतु शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिन यांचा भरला ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के! युडकिन रोज धावणारे होते हे खरे, पण तेवढ्याने सारा फरक उलगडत नाही. आपल्याकडील माणूस हातापायांनी बारीक आणि पोटात मेद साठवलेला, असा असतो. पोटातील हा मेद निपचित पडून राहत नाही. तो दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडतो आणि ती यकृताला सीआरपी बनवण्याचा हुकूम देतात. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याच्या आसपासचे खेडूत, शहरातील झोपडवस्तीतील आणि मध्यमवर्गीय पुरुष यांची तुलना २००८ साली प्रसिद्ध केली, तीत मेद, दाह आणि साखर ही तिन्ही एकत्र तपासली होती. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी यांचा २००७ सालचा निबंध तर अधिकच विचार करावयास लावतो. दक्षिण आशियातील माणसास पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, अन्य देशांत तो सुमारे ५९ व्या वर्षी. ही सहा वर्षे कर्त्या माणसाची असतात. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घरावरचे कर्ज यांची.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी हरमलहून कोरगावला जावयाचे तर पायीच, रापण ओढावयाची ती हातांनीच, माड चढावयाचा तोही पायांनीच. आज देवळात येताना आपण सभामंडपाच्या पायरीपर्यंत स्कूटर आणतो. पोट काय ते जाणते.

मघाशी म्हटलेल्या त्या दोन पक्षांचा निवाडा प्रत्यक्ष चाचण्यांनीच केला. २००८ साली १७,८०२ लोकांवर एक चाचणी झाली. त्यांचे एलडीएल १३० च्या आत, पण सीआरपी २ किंवा अधिक होते. स्टॅटिन दिल्यावर झटका, पक्षाघात वगैरे ४४ टक्क्यांनी कमी झाले. पण स्टॅटिन दोन्ही उतरवते, तेव्हा श्रेय कोणास द्यावे? म्हणून २०१७ सालची चाचणी महत्त्वाची. १०,०६१ रुग्णांना कोलेस्टेरॉलला स्पर्शही न करता केवळ दाह शमवणारे इंजेक्शन दिले, आणि तरीही त्रास १५ टक्क्यांनी घटला. दाह हा खरोखरच आरोपी आहे, हे येथे शाबीत झाले. मात्र त्याच रुग्णांत जीवघेणे संसर्ग वाढले, कारण दाह ही शरीराची पहाऱ्याची व्यवस्थाही आहे, तिला सरसकट बडतर्फ करता येत नाही. ते इंजेक्शन हृदयविकारावर रूढ झाले नाही.

मग वैद्यांनी जुन्या औषधाकडे मोर्चा वळवला. संधिवाताच्या एका प्रकारावर शतकानुशतके वापरले जाणारे सुरंजान, त्यातील कोल्चिसीन. २०१९ आणि २०२० साली त्याच्या अल्प मात्रेचा लाभ अनुक्रमे २३ आणि ३१ टक्के दिसला, २०२३ साली अमेरिकेने त्यास मान्यता दिली, आणि २०२४ साली ७,०६२ रुग्णांवरील चाचणीत काहीच लाभ आढळला नाही. म्हणजे खटला अद्याप चालू आहे. येथे एक गोष्ट बजावून सांगणे भाग आहे. चतुर्थीच्या दिवसांत आपल्या डोंगरउतारावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखे फूल येणारी कळलावी, जिला खड्यानाग म्हणतात, तिच्या कंदातही हेच द्रव्य आहे, आणि ते प्राणघातक प्रमाणात आहे. कोणी झाडपाला म्हणून ती उगाळू नये.

खाण्याविषयी प्रश्न येईल म्हणून आधीच सांगतो. खोबरेल तेल इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत एलडीएल सुमारे १० अंकांनी वाढवते, असे २०२० साली अनेक चाचण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात आहे. त्यामुळे फोनवर फिरणारे ‘रोज दोन चमचे खोबरेल प्या’ हे फर्मान मी केराच्या टोपलीत टाकतो. हुमणातील नारळ सोडा, असे मात्र या मंडपात कोणी सांगू नये. मी तर सांगणार नाही. बांगडा आणि तारले तर आवर्जून खावे, तळून नव्हे. तंबाखू मात्र पूर्णतः बंद, कारण ती दाह, रक्ताचे गोठणे आणि एलडीएलची नासाडी ही तिन्ही कामे एकटीच करते.

ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, त्यांनी अहवाल चांगला आला म्हणून स्टॅटिन बंद करू नये. आकडा चांगला आहे तो गोळीमुळेच. अशा रुग्णांत एलडीएल ७० च्या खाली, पुष्कळांत ५५ च्याही खाली ठेवावे असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा छापील ‘नॉर्मल’ हा शब्द त्यांच्यासाठी नाही. शेजारी साखर, रक्तदाब आणि कमरेचा घेर हेही आकडे लिहून ठेवावे.

आणि छातीत जडपणा येऊन घाम सुटला, डावा हात वा जबडा भरून आला, तर वायू झाला म्हणून ओवा चावीत सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. आता बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय केंद्रस्थानी ठेवून तालुक्याच्या आरोग्यकेंद्रांत काढलेला हृदयालेख तेथील तज्ज्ञांस तात्काळ पाठवला जातो व गुठळी विरघळवणारे औषध जवळच्याच ठिकाणी देता येते. पूर्वी शिवोलीच्या फेरीबोटीची वाट पाहण्यात जो वेळ जाई, तो आता पुलामुळे वाचतो. घरात बसून घालवलेला वेळ मात्र कोणताही पूल वाचवू शकत नाही.

आरतीची वेळ झाली आहे. कोणास आपला अहवाल दाखवावयाचा असेल तर प्रसादानंतर मी दीपस्तंभाजवळ थांबेन. वाचून दाखवीन, औषध सांगणार नाही. नमस्कार.